कम्युनिटी कॉलेजचा कारभार आणि विविधता तपासायची आहे, सुरुवात कुठून करू?

कोकणकडा (धागाकर्ती), १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

कॅलिफोर्नियात, बे एरियात येऊन सतरा वर्षं झाली. मधली दोन वर्षं मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी अकाउंटिंगचे वर्ग केले. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेलच. ते कॉलेज आता मान्यतेच्या पुढच्या फेरीसाठी स्वतःचं मूल्यमापन लिहायला बसलंय आणि 'कारभार आणि विविधता' या गटात माजी विद्यार्थिनी म्हणून माझी वर्णी लागली आहे. मानधन नाही. सँडविच मिळतं, तेही गार.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी माहिती. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएटचं कॉलेज १९०१ चं, ते यातलं सगळ्यात जुनं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टांत (म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) वाटलेली. प्रवेशाला गुणांची अट नाही. राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढीच. एकाच बाकावर अठरा वर्षांची मुलगी, नोकरी गेलेला पन्नाशीचा माणूस आणि नुकतीच देशात आलेली बाई बसलेली असते. आणि मला सगळ्यात नवल वाटलेली गोष्ट म्हणजे वर जे विश्वस्त मंडळ असतं ते लोक मतं देऊन निवडतात. अध्यक्ष, गव्हर्नर यांच्याच मतपत्रिकेवर खाली कुठेतरी त्यांची नावं असतात. तिथपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांचा पेन थकलेला असतो. माझाही थकायचा, खोटं कशाला बोलू.

मान्यता देणारा आयोग वेगळा, एसीसीजेसी. सात वर्षांची फेरी. आधी कॉलेजनं स्वतःबद्दल अहवाल लिहायचा, मग दुसऱ्या कॉलेजांतली माणसं येऊन तपासणार. मान्यता गेली तर फेडरल (केंद्र सरकारची) मदत बंद, आणि मदत बंद म्हणजे कॉलेज बंद.

तर पहिल्या बैठकीत माझ्या हातात रंगीत तक्ते आले. विद्यार्थ्यांत कोण किती टक्के, प्राध्यापकांत कोण किती टक्के. कारभाराच्या पानावर समित्यांची यादी आणि प्रत्येकीसमोर हिरवी खूण: विद्यार्थी प्रतिनिधी आहे, कर्मचारी प्रतिनिधी आहे, प्राध्यापक प्रतिनिधी आहे. सगळं हिरवंगार, कोकणातल्या जुलैसारखं. मी भाबडेपणानं विचारलं, "हे प्रतिनिधी बैठकीला येतात का?" अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे." पुढचा विषय सुरू.

आमची बैठक मंगळवारी दुपारी दोनला होती. मी सुट्टी टाकून गेले होते. खोलीत विद्यार्थी एकही नव्हता.

तुमच्यापैकी कोणी नॅकच्या (भारतातल्या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) कामात होतं, कोणी इथं शिकवतं. खुर्चीवर कोण बसलंय ते मोजणं सोपं आहे हो. त्या खुर्चीला कोणी विचारतं का, हे कसं तपासायचं?

---

चहाटळ, १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

पहिला! खुर्ची धरून बसलोय.

---

निवृत्त_मास्तर, १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

ताई, सकाळी सकाळी जुनी जखम उघडलीत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. दोन नॅक पाहिल्या, एकीत समन्वयक होतो. सात निकष असायचे, त्यातला सहावा प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन. पीअर टीम (तपासणीचं पथक) यायच्या आधी तीन आठवडे आम्ही इतिवृत्तं लिहीत बसलो होतो. कोणत्या बैठकांची? झाल्याच नव्हत्या त्यांची. चार वर्षांच्या बैठका, एकच हस्ताक्षर, एकच निळी शाई, आणि कारकुनानं कॅलेंडर न पाहता तारखा टाकल्यामुळे दोन बैठका रविवारी. टीममधल्या एका सरांनी पान उलटताना माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढे काही बोलले नाहीत. त्यांच्याही कॉलेजात शाई निळीच असणार.

म्हणून अनुभवाची गोष्ट सांगतो. इतिवृत्तात काय ठरलं ते वाचू नका, काय बदललं ते शोधा. आलेला प्रस्ताव आणि मंजूर झालेला प्रस्ताव शेजारी ठेवा. शब्दन् शब्द तोच असेल तर ती बैठक म्हणजे सहीचा कार्यक्रम. कुठे एखादी ओळ खोडली गेली असेल, कुठे 'पुढील बैठकीत विचार करावा' असं असेल, तर तिथे कोणीतरी तोंड उघडलं होतं. ते कोण, ते बघा.

बाकी आमच्याकडे २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं, कलम ९७, प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आणली. आधीच्या १९९४ च्या कायद्यात स्थानिक व्यवस्थापन समिती होती. नव्या समितीत तीन शिक्षक निवडून येतात, त्यांत एक तरी बाई हवी. शिक्षकेतर कर्मचारी, माजी विद्यार्थी, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, सगळे आहेत. कागदावर तुमच्याइतकंच हिरवं. अध्यक्ष मात्र संस्थेचेच अध्यक्ष, आणि त्यांच्यासमोर बोलायचं कोणी? ज्याचा पगार त्यांच्या सहीनं निघतो त्यानं?

---

अर्धवेळ, १३ फेब्रुवारी, सकाळी ११:५०

मास्तर, त्या कलमातली एक मेख तुम्ही सोडलीत. ते तीन शिक्षक कोण निवडणार? पूर्णवेळ शिक्षक, आपल्यातून. मी विदर्भात सहा वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबी) होते. विभागात आम्ही चौघं, त्यातली तिघं सीएचबीवाली. म्हणजे शिकवायचं आम्ही आणि मत एकाचं.

इथे कॅलिफोर्नियात आले तर काय, नाव बदललं. ॲडजंक्ट. दोन डिस्ट्रिक्टांतल्या तीन कॉलेजांत शिकवते, मधला वेळ गाडीत. आमच्या जातकुळीला इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. डोक्यांनी मोजलं तर राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे साधारण दोन तृतीयांश शिक्षक आमच्यासारखे. एका डिस्ट्रिक्टात पूर्ण भाराच्या ६७ टक्क्यांवर काम देता येत नाही, म्हणून दुसऱ्या डिस्ट्रिक्टात जायचं. १९८८ च्या एबी १७२५ या कायद्यानं उद्दिष्ट ठेवलं होतं की ७५ टक्के शिकवणं पूर्णवेळ शिक्षकांकडून व्हावं. उद्दिष्ट अजून उद्दिष्टच आहे.

हे विषयाला सोडून नाही. त्याच कायद्यानं प्राध्यापकांच्या सिनेटला कारभारात हक्काची जागा दिली. अभ्यासक्रम, ग्रेडिंग, पदवीच्या अटी, बजेट ठरवायची पद्धत असे दहा विषय आणि वर एक, सगळे त्याला 'टेन प्लस वन' म्हणतात. या विषयांत विश्वस्तांनी एक तर सिनेटच्या सल्ल्यावर मुख्य भर द्यायचा, नाही तर दोघांनी एकमतानं ठरवायचं. म्हणजे इथला प्राध्यापक नुसता सल्लागार नाही, कारभाराचा भागीदार आहे. भारतात मी हे स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण सिनेटच्या समितीवर बसायचं कोणी? पूर्णवेळवाल्यांच्या ते कामाचाच भाग आहे. मी गेले तर बहुतेक ठिकाणी फुकट, आणि त्या वेळेला मी दुसऱ्या गावाच्या वाटेवर असते. आता कोकणकडा, तुमच्या त्या तक्त्यात 'प्राध्यापकांतली विविधता' काढताना आम्हाला धरलंय का बघा. मी ज्या तीन ठिकाणी आहे तिथे धरतात, कारण आम्हाला धरलं की रंग भरतो. मतदानाच्या यादीत तोच रंग किती उरतो ते विचारा.

---

आकडेमोड, १३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

अर्धवेळ +१००. हे दोन कॉलम शेजारी मांडले तरी अर्धा अहवाल झाला.

---

स्पष्टवक्ता, १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

मला कोणी झोडपणार असेल तर झोडपा, पण हा सगळा उद्योग कशासाठी? कॉलेजनं शिकवावं. शिक्षक चांगला की वाईट एवढंच बघावं. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी १९९६ मध्ये प्रपोझिशन २०९ मंजूर केलं: सरकारी नोकरी, सरकारी शिक्षण, सरकारी कंत्राटं यांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य द्यायचं नाही. २०२० मध्ये ते काढून टाकायचा प्रस्ताव आला, प्रपोझिशन १६. याच 'पुरोगामी' राज्यात ५७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मग २०२३ मध्ये राज्याच्या कम्युनिटी कॉलेज मंडळानं नियम लागू केला की शिक्षकांचं मूल्यमापन करताना विविधतेबद्दलची त्यांची समज आणि कामही तपासा. सेंट्रल व्हॅलीतले प्राध्यापक कोर्टात गेले, म्हणाले, आमच्या तोंडी सरकारचे शब्द घालू नका. मला त्यांचं पटतं.

मी इथं आरक्षण मागायला आलो नाही, कोडिंग करायला आलो.

---

कोकणकडा, १३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

स्पष्टवक्ता, झोडपत नाही. २०९ आहेच आणि आमच्या पहिल्या बैठकीत वकिलांनी तेच पहिलं सांगितलं. कोटा नाही, प्राधान्य नाही. पण मोजायला बंदी नाही. जाहिरात कुठे दिली, पात्रतेच्या अटीत नसती कलमं घातली का, मुलाखतीच्या समितीत कोण बसलं, हे तपासायला कोणाची हरकत आहे? शिवाय राज्याच्या शिक्षण कायद्यातच आहे की इथं नेमणूक हवी तर वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांची जाण हवी. बहुभाषिक वर्गापुढे उभं राहायचं तर ती शिकवण्याचीच पात्रता झाली ना?

शिक्षकांनी काय विचार करावा ते ठरवायला मलाही आवडणार नाही. माझा प्रश्न विचारांचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

---

धुक्यातली, १४ फेब्रुवारी, रात्री ११:४५

एरवी फक्त वाचते. पण हा विषय निघाला आणि राहवलं नाही.

२०१२ मध्ये लग्न होऊन सॅन फ्रान्सिस्कोत आले. डिपेंडंट व्हिसा, काम करायची परवानगी नाही, इंग्रजी पुस्तकी. सिटी कॉलेजच्या मिशन सेंटरला इंग्रजीचे फुकट वर्ग असतात हे शेजारच्या फिलिपिनो आजींनी सांगितलं. वर्गात ग्वातेमालाची, चीनची, येमेनची माणसं. माझ्याहून वाईट इंग्रजी बोलणारे माझ्याहून जास्त धीटपणे बोलायचे, त्यांच्याकडून मी बोलायला शिकले. कधी ओशन अव्हेन्यूच्या मोठ्या आवारात काम असलं की थिएटरच्या लॉबीत दिएगो रिवेराचं १९४० चं भलंमोठं भित्तिचित्र बघत बसायचे. अख्खी भिंत, आणि कोणी तिकीट मागत नाही.

आणि जुलै २०१३ मध्ये बातमी आली की या कॉलेजची मान्यता वर्षभरात काढणार.

वर्षाला ९० हजारांच्या घरात विद्यार्थी असलेलं कॉलेज! वर्गात पहिला प्रश्न आला, "आमचे शिक्षक वाईट आहेत का?" बाईंनी सांगितलं, नाही, तक्रार शिकवण्याबद्दल नाहीच. आयोगानं २०१२ मध्ये चौदा शिफारशी दिल्या होत्या, त्यांत भर होता पैशावर, नियोजनावर आणि कारभारावर. राखीव निधी फार कमी, अधिकारी अपुरे, निर्णय नेमका कोण घेतं ते धड कळत नाही. तक्रारी सगळ्या खोट्या नव्हत्या, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर भांडले असते.

पुढे काय झालं ते कोकणकडांनी जरूर वाचावं, कारण मूल्यमापन करणाऱ्यांचंच मूल्यमापन झालं. राज्यानं निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताच्या हाती दिले. म्हणजे कारभार सुधारायचा म्हणून शहरानं दिलेली मतंच बाजूला ठेवली. ऑगस्टमध्ये फेडरल शिक्षण खात्यानं आयोगाला पत्र पाठवून दोष दाखवले: तपासणीच्या पथकात प्राध्यापक पुरेसे नव्हते, आणि एका पथकात तर आयोगाच्या अध्यक्षबाईंचे यजमानच होते! त्याच महिन्यात शहराच्या सरकारी वकिलानं आयोगावर दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीशांनी मान्यता काढायला मनाई केली. वर्षभरानं निकाल आला की आयोगानं कायदा मोडला, अंतिम निर्णयाआधी कॉलेजला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. जानेवारी २०१७ मध्ये त्याच आयोगानं त्याच कॉलेजला पूर्ण सात वर्षांची मान्यता दिली.

पण पाच वर्षांत हजारो विद्यार्थी गळले, आणि आधी गळले ते आमच्यासारखे. ज्याला बातमीची शेवटची ओळ वाचता येत नाही त्याला 'कॉलेज बंद होणार' एवढंच कळतं. येमेनचा तो काका पुढच्या सत्रात दिसला नाही.

अवांतर: नोव्हेंबर २०१६ मध्ये शहरानं महागड्या मालमत्तांच्या विक्रीवर कर वाढवला आणि २०१७ पासून शहरातल्या रहिवाशांना त्या कॉलेजची फी माफ केली. मतपत्रिकेच्या तळाशी काय असतं ते तेव्हापासून मी नीट वाचते. मत माझं नाही, नवऱ्याचं, पण वाचते मी.

---

चहाटळ, १५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

"आयोगाच्या अध्यक्षबाईंचे यजमान." मास्तर, आपली निळी शाई फारच सोज्वळ निघाली.

---

निवृत्त_मास्तर, १५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

आमच्याकडे यजमान नसतात, व्याही असतात.

धुक्यातली, सुरेख लिहिलंत. लिहीत जा.

---

आकडेमोड, १५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आता माझा प्रांत. कोकणकडा, तुमच्या तक्त्यातले टक्के निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही, ते चुकीच्या जागी वापरलेत एवढंच. राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी लॅटिनो आहेत. प्रवेशाला अटच नाही, तेव्हा दारातली विविधता हे कॉलेजचं कर्तृत्व नव्हे, गावाची लोकसंख्या आहे. कॉलेजचं कर्तृत्व दारातून आत आल्यावर सुरू होतं.

त्यासाठी साधं गणित आहे. समजा वर्गात १०० जण, त्यांत ४० एका गटाचे. पास झाले ५०, त्यांत त्या गटाचे १५. पास झालेल्यांत त्यांचा वाटा ३० टक्के, बसलेल्यांत ४० टक्के. ३० भागिले ४० म्हणजे ०.७५. एकाच्या बरंच खाली आलं की तिथे थांबून विचारायचं, वर्गात काय होतंय? याला प्रपोर्शनॅलिटी इंडेक्स म्हणतात. राज्याच्या चान्सलर ऑफिसचं डेटामार्ट नावाचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, तुमच्या कॉलेजचे आकडे घरी बसून काढता येतील. समितीनं दिलेल्या तक्त्यावर अवलंबून राहू नका.

एक उदाहरण. पूर्वी प्रवेश घेतला की गणित-इंग्रजीची चाचणी व्हायची आणि तिच्यावरून बहुतेकांना पायाभूत वर्गात ढकलायचे. कोणाला एक पायरी खाली, कोणाला तीन. त्या वर्गांचे युनिट पदवीत धरत नाहीत. तीन पायऱ्या चढून खऱ्या गणितापर्यंत फार थोडे पोचायचे, आणि सगळ्यात खाली कोण ढकलले जायचे ते सांगायला नको. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानं ते फिरवलं: शाळेतले गुण बघा, आणि विद्यार्थ्याला वर्षभरात विद्यापीठ पातळीचं गणित-इंग्रजी पूर्ण करण्याची जास्तीत जास्त संधी मिळेल अशा वर्गात बसवा. २०१९ च्या फॉल सत्रापासून सगळीकडे लागू. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत विविधतेचं इथलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते कुठल्याही विविधता समितीनं केलेलं नाही.

---

अर्धवेळ, १५ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

आकडेमोड, कायदा मलाही पटतो. पण वर्गात उभं राहून सांगते, अपूर्णांक न येणारा मुलगा थेट स्टॅटिस्टिक्सला बसला की त्याला सोबतीचा तास लागतो, शिकवणी लागते, समुपदेशक लागतो. आणि इथे एक गंमत आहे. १९६१ पासून राज्यात नियम आहे, डिस्ट्रिक्टच्या चालू शैक्षणिक खर्चातला निदान ५० टक्के वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर जायला हवा. हेतू चांगला, वर बाबू वाढू नयेत. पण समुपदेशक आणि ग्रंथपाल 'वर्गात शिकवणारे' धरले जात नाहीत. ज्याच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नाही त्या मुलाला फॉर्म कुठला भरायचा हे सांगणारी बाई हिशेबात कुलगुरूच्या गाडीशेजारी बसते. म्हणून समुपदेशक नेमायची वेळ आली की लेखा विभाग कपाळाला हात लावतो.

कोकणकडा, तुम्ही अकाउंटिंगवाल्या. बजेटच्या त्या पानावर बसा.

---

चवदार, १५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सगळे प्रतिसाद वाचले. एक कॉलम कोणीच काढला नाही.

कोकणकडांच्या तक्त्यात आपण सगळे 'एशियन' असू, फार तर 'एशियन इंडियन'. आपल्याकडे ज्या घरात चौथी पिढी पदवीधर आहे आणि ज्या घरात पहिला मुलगा कसाबसा बारावी झाला, दोघं एकाच चौकोनात. तो चौकोन यशस्वी दिसतो, म्हणून त्याच्याकडे परत कोणी बघत नाही.

मी इथं तांत्रिक कोर्स करत असताना अभ्यासाच्या गटातल्या एका देशी मुलानं आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं. मग वडील काय करतात. मला कळलं तो काय विचारतोय, आणि त्याला कळलं की मला कळलं. पुढच्या आठवड्यात गटाची जागा बदलली होती, मला कोणी कळवलं नाही. तक्रार कोणाकडे करणार? कार्यालयातल्या फॉर्मवर वंश होता, धर्म होता, देश होता. जात नव्हती.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. राज्याचा कायदा, एसबी ४०३, दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनी सही नाकारली, आहेत ते कायदे पुरेसे आहेत म्हणाले. तुमच्या कॉलेजच्या धोरणात काय आहे ते बघाल का? जात मोजा असं मी म्हणत नाही. तक्रारीच्या फॉर्मवर माझ्या तक्रारीला जागा आहे का, एवढंच.

---

स्पष्टवक्ता, १५ फेब्रुवारी, रात्री ११:०५

हे इथं आणायची गरज होती का? अमेरिकेत कोण जात बघतं?

---

चवदार, १५ फेब्रुवारी, रात्री ११:१२

वर लिहिलंय की. ज्यानं गाव विचारलं तो.

---

निवृत्त_मास्तर, १६ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

स्पष्टवक्ता, तुमच्यापेक्षा वयानं मोठा म्हणून सांगतो, राग नसावा. आमच्या कॉलेजात बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी) होती, मागासवर्गीय कक्षाकडून तपासून आणलेली, शिक्का मारलेली, बिनचूक. त्याच कॉलेजात स्टाफरूमच्या माठावरचा पेला एका सरांसाठी वेगळा होता. कोणी तसं ठरवलं नव्हतं, इतिवृत्तात शोधून सापडणार नाही. मी रोज बघायचो आणि पाणी घरून न्यायचो. तेवढंच केलं मी.

चवदार म्हणतात त्या फॉर्मचं नक्की बघा, ताई.

---

कोकणकडा, १६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

चवदार, धोरण उघडून बघितलं. जात नाही. 'वंशपरंपरा' हा शब्द आहे. विषयपत्रिकेवर घ्या म्हणून लेखी विनंती केली आहे.

मास्तर, तुमचा पेला डोक्यातून जात नाही.

कामाचं सांगते. तुम्ही म्हणालात तसं विश्वस्तांच्या मागच्या दोन वर्षांच्या विषयपत्रिका काढल्या. इथे ब्राउन ॲक्ट म्हणून १९५३ चा कायदा आहे: नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, पत्रिकेवर नसलेल्या विषयावर निर्णय नाही, आणि कोणाही नागरिकाला उठून बोलता येतं. सगळं संकेतस्थळावर पडलेलं असतं. त्यात एक 'कन्सेंट कॅलेंडर' असतं, म्हणजे किरकोळ समजलेले विषय एका गठ्ठ्यात, एका मतानं, चर्चेविना मंजूर. किरकोळ म्हणजे टोनर, काँट्रॅक्ट, राजीनामे. आणि त्याच गठ्ठ्यात मला काय सापडावं? संध्याकाळचे वर्ग कमी केलेलं वेळापत्रक. माझेच वर्ग! एकाही विश्वस्तानं तो विषय गठ्ठ्यातून बाहेर काढला नव्हता. विद्यार्थी विश्वस्त हजर होती. तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं असतं, मोजत नाहीत. पण विषय चर्चेला आलाच नाही तर सल्ला तरी कशावर देणार?

दहा निर्णय निवडलेत. प्रत्येकाचा माग काढतेय: पहिल्यांदा कोणी मांडला, कुठल्या समितीत गेला, कोण बोललं, कोणामुळे काय बदललं. सहा झाले. तीनांत काहीच बदललं नाही. एकात ग्रंथालयाच्या एका कर्मचारी बाईंनी दोन मिनिटं बोलून रविवारची वेळ वाचवली. मला त्यांना चहा पाजायचाय.

---

धुक्यातली, १६ फेब्रुवारी, रात्री ९:००

माझ्याकडूनही एक कप.

---

आकडेमोड, १७ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

अजून एक विचारा: विश्वस्त अख्ख्या डिस्ट्रिक्टातून निवडले जातात की विभागवार? २००१ च्या राज्य मतदान हक्क कायद्यानंतर बऱ्याच डिस्ट्रिक्टांनी विभाग पाडले. त्याआधी अनेक ठिकाणी सगळे विश्वस्त टेकडीवरच्या दोन वस्त्यांतलेच असायचे, कारण निवडणूक लढवायला पैसा आणि रिकामी संध्याकाळ दोन्ही लागतं.

---

कोकणकडा, ९ मार्च, रात्री ९:५५

थोडं कळवायचं होतं.

दहा निर्णयांचा माग पूर्ण झाला आणि अहवालाच्या मसुद्यात गेला. परिशिष्टात, पण गेला. अर्धवेळच्या सूचनेवरून दोन कॉलम शेजारी मांडले, शिक्षकांतली विविधता आणि सिनेटला मत देऊ शकणाऱ्यांतली विविधता. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका पूर्णवेळ प्राध्यापकांनी विचारलं की हा तक्ता बाहेर जाणार का. अध्यक्षबाई म्हणाल्या, अहवाल सार्वजनिकच असतो. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा आवडल्या.

बजेटच्या पानावर बसले. समुपदेशकांची दोन पदं दीड वर्षं रिकामी आहेत. कारण विचारलं तर अर्धवेळनं सांगितलं होतं तेच, फक्त जास्त सभ्य इंग्रजीत.

चवदार, तुमचा विषय पत्रिकेवर आला. चर्चा झाली. एका सदस्यानं स्पष्टवक्तांचंच वाक्य जवळजवळ तसंच म्हटलं. मी तुमचा अनुभव नाव न घेता सांगितला, आगाऊपणा झाला असेल तर माफ करा. विषय धोरण समितीकडे पाठवलाय. तिची सभा कधी ते विचारत राहीन.

---

चवदार, ९ मार्च, रात्री १०:२०

आगाऊपणा नाही. धन्यवाद, ताई.

---

स्पष्टवक्ता, ९ मार्च, रात्री १०:४०

नियमांबद्दलचं माझं मत तेच आहे. पण चवदार, त्या दिवशी मी विचारलं त्याची पद्धत चुकली.

---

अर्धवेळ, १० मार्च, सकाळी ७:०५

ट्रॅफिकमध्ये वाचतेय (गाडी थांबलेली आहे, ओरडू नका). आणि बैठकीच्या वेळेचं काय झालं?

---

कोकणकडा, १० मार्च, दुपारी १२:३०

अरे हो, तेच राहिलं. पुढची बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवली आहे, झूमची सोयही आहे. विद्यार्थी विश्वस्त येणार म्हणाली आहे, तिची सातपर्यंत शिफ्ट असते, तेव्हा पहिला अर्धा तास फोनवरून. सँडविच रद्द झालंय. संध्याकाळच्या बैठकांना खाण्याची तरतूद नाही म्हणे. मी दडपे पोहे करून नेणार आहे.